तांदळात लिहिलेलं नाव

मस्कत, शनिवार

प्रिय दामिनी,

मी इथं बरा आहो. जेवणाखाण्याचे हाल नाहीत. सिहोऱ्याले धानाचा रोवणा उरकला काय? मायचा गुडघा कसा आहे? फोनवर माय बाजूलेच बसून रायते, म्हणून हे कागदावर लिहून राहिलो.

पासपोर्टची मुदत संपत आली, म्हणून नवा कराले एम्बसीत गेलो होतो. आता त्यात बायकोचं नावही टाकाचं होतं. खिडकीतल्या मॅडमनं विचारलं, मी दामिनी सांगितलं. तू पाठवलेलं आधार कार्ड पाहून मॅडम म्हणे, "इथं तर पंचफुला आहे." अन् मी काय बोललो माहीत आहे? "दुसऱ्या कोणाचं आलं असन, मॅडम."

तिनं कार्डावरचा फोटो माह्यापुढं धरला. तूच होती. मागची लाईन हासली. मले मान वर करवेना.

पंचफुला नाव जुनाट वाटते, असं लग्नाच्या वेळी मीच म्हटलं होतं. ताटातल्या तांदळात अंगठीनं दामिनी लिहिलं, तुले विचारलं नाही. तुह्या बाबानं ठेवलेलं नाव मी साफ विसरून गेलो.

आता तेच नाव टाकलं. पासपोर्टसाठी पोलीस घरी चौकशीले येतीन, घाबरू नको. पण ते पंचफुला कोण म्हणून विचारतीन, अन् माय म्हणन, या नावाचं इथं कोणी नाही.

तवा तू दारात ये, अन् सांग, मीच पंचफुला होय.

तुहाच,
भूपेंद्र