गणपूर्ती न झाल्यास

मी, प्रज्वल नाथा भोपी, वय बावीस, धंदा जीन्सला बटणं ठोकणे, राहणार बी-३०४, शाल्मली गृहसंकुल, कुळगाव, बदलापूर पूर्व, आज शनिवारी दुपारी, पोटभर जेवून, डोकं ठिकाणावर असताना लिहून ठेवतो की हे माझं पहिलं आणि बहुतेक शेवटचं मृत्युपत्र आहे. ते लिहिण्यासाठी माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. उलट लिहू नये म्हणून घरातून दबाव चालू आहे, त्याला मी जुमानलेलं नाही. डोकं ठिकाणावर असल्याबद्दल माझी बहीण कीर्ती हिचं मत वेगळं आहे. ते इथे नोंदवून फेटाळतो.

मृत्युपत्र का, ते आधी. उद्या सकाळी दहाला आमच्या सोसायटीची विशेष सभा आहे. ती सभासदांनी मागितलेली आहे, म्हणजे मी दारोदार फिरून त्यांना मागायला लावलेली आहे. सह्या द्यायला सगळे तयार होते. "यायला लागेल का?" हा प्रश्नही सगळ्यांनीच विचारला. सभेला वीस सभासद हजर पाहिजेत. वीस झाले तर सोसायटीचा कारभार एका खासगी कंपनीला देण्याचा सप्टेंबरातला ठराव पुन्हा मतदानाला येतो. नाही झाले तर सभासदांनी मागितलेली सभा नियमाप्रमाणे तिथेच मोडते, अर्ध्या तासाने पुन्हा भरत नाही, आणि ठराव पंधरा वर्षांसाठी पक्का होतो. म्हणून मी जाहीर केलंय की वीस माणसं जमेपर्यंत सभेच्या जागी अन्नाला शिवणार नाही. संकुलात चारशेच्या वर घरं आहेत. पण मी या लोकांना ओळखतो. सबब हे मृत्युपत्र.

मागाहून पोलिसांचा गोंधळ होऊ नये म्हणून प्रकरण थोडक्यात सांगतो. आमच्याकडे एरवीच्या सभेच्या नोटिशीत शेवटी एक ओळ असते: गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. त्यामुळे दहाची सभा म्हणजे साडेदहा, हे सगळ्यांना पाठ. दहाला येतो तो मूर्ख. आणि साडेदहाला कोणी नसलं तरी चालतं, म्हणून साडेदहालाही कोणी येत नाही. नक्षत्रवेल फॅसिलिटीज या कंपनीने आमची ही सवय आमच्यापेक्षा बारकाईने पाहिली. सप्टेंबरात वार्षिक सभेच्याच वेळी तिने मैदानात खेळ पैठणीचा ठेवला. अख्खं संकुल तिकडे. सभेला सात डोकी, त्यातली तीन चहासाठी आलेली. पाण्याची टाकी, गेट आणि मैदान सात जणांनी कंपनीला देऊन टाकलं. वर कमिटीची निवडणूकही बंद केली. आता मत द्यायचं ते ॲपवर. ॲपवर 'आवडलं' आहे, 'खूप आवडलं' आहे. 'नाही' हे बटणच नाही.

ए-विंगच्या वरद सरांना मी हे दाखवलं. ते म्हणाले, "अरे, कंपनी बघतेय ना सगळं? आपल्या डोक्याला ताप नाही. चांगलंय की!"

मी म्हणालो, "सर, ताप नाही, कारण डोकंच त्यांच्याकडे ठेवायला दिलंय."

ते म्हणाले, "तू कॉलेज पूर्ण कर आधी."

आता वाटणी.

कलम एक. घर माझं नाही, बाबांचं आहे. हे संकुल आमच्या शेतावर उभं आहे. मैदान आहे तिथे आमचं खळं होतं. आता तिथे बसायला बाबांना कंपनीचा पास लागतो. सभासद बाबा आहेत, मत त्यांना आहे, मला नाही. पण सभेला चला म्हटलं की म्हणतात, "तिथं सगली इंग्लिशमदी बोलतान. मी काय बोलू?" सबब माझा आवाज, जो मला गरजेपेक्षा जास्त मिळालेला आहे, तो मी संपूर्ण, कोणताही हिस्सा मागे न ठेवता, बाबांना देतो. त्यांनी तो मराठीतच वापरावा.

कलम दोन. बाईक जितेशला. हा माझा बालवाडीपासूनचा मित्र. कंपनीने पाण्याची पॅकेजं काढली तेव्हा पहिलं गोल्ड पॅकेज यानेच घेतलं. "भावा, पाणी तर फुल फोर्सने येतंय, अजून काय पाहिजे?" म्हणाला. बाईकमधलं पेट्रोल त्याला मिळणार नाही. ते काढून घ्यावं. पुढचा ब्रेक लागत नाही, हे त्याला सांगावं. मैत्री आहे शेवटी.

कलम तीन. कॉलेजची दुसऱ्या वर्षाची पुस्तकं ज्याला हवी त्याला. कोरी आहेत. अंबरनाथच्या ज्या कॉलेजात मी होतो तिथे आमच्या वर्गाने प्रतिनिधी म्हणून मला निवडलं होतं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर वेगळंच नाव. विचारलं तर उत्तर मिळालं, "निवडायचं काय त्यात, आम्ही नेमलाय ना." मी दप्तर उचलून निघालो. वर्गातले साठ जण बेंचवरून टाटा करत होते. ते साठही जण याच तालुक्यात राहतात, त्यामुळे उद्याबद्दल मला फार आशा नाही.

कलम चार. उल्हासनगर कॅम्प पाचमधले माझे मालक धर्मेशभाई यांना माझा हातोडा आणि दुपारच्या चहातला माझा वाटा. उपोषणासाठी रजा मागितली तेव्हा ते म्हणाले, "अरे साईं, मरना है तो मर, पर बुधवार के बाद मर. दो हजार पीस की डिलिव्हरी है." मग मागून हाक मारून म्हणाले, "और सुन, निंबू-पानी पीते रहना." मालक चांगला आहे. त्याच्यावर कोणी केस करू नये.

कलम पाच. बॅट कीर्तीला. ती माझ्यापेक्षा चांगली खेळते, हे मरणाच्या दारात कबूल करायला हरकत नाही. खेळायचं मैदानातच. कंपनीच्या गार्डने तासाचे पैसे मागितले तर पुढचा चेंडू त्याच्या केबिनच्या दिशेने मारावा.

कलम सहा. हे कलम राजसीचं. राजसी डी-विंगची. नक्षत्रवेलमध्ये नोकरीला आहे, आणि सप्टेंबरात पैठणीचा खेळ तिनेच घेतला. म्हणजे लोकशाही जिने लांबवली तिच्यावरच माझं प्रेम आहे. मी सभेसाठी ओरडत होतो, ती माइकवर हसत होती, आणि खरं सांगतो, मीसुद्धा दहा मिनिटं तिकडेच बघत होतो. नंतर मी तिच्याशी भांडलो. ती म्हणाली, "तू लोकांना ओरडून बोलावतोस, मी हसवून. येतात कुणाकडे?" राजसीला मी माझं हृदय देतो. डॉक्टरांना हवं असेल तर त्यांनी आधी तिला विचारावं. तिची आई सुनेत्राकाकू, ज्यांनी मला "बटणवाला" म्हटलं, त्यांना काही नाही. त्यांच्या लिफ्टचा दरवाजा मी दोनदा दुरुस्त केलेला आहे, तेवढं पुरे.

कलम सात. आईसाठी सूचना. आई, बनूबाई नाथा भोपी, हिला उपोषण आणि उपास यातला फरक सांगून मी थकलो. "उपाशी बसाचा हाय ना? मंग साबुदान्याची खिचरी चालते की," म्हणून तिने साबुदाणा भिजवलेला आहे. तो माझ्या पश्चात सगळ्यांनी खावा. दाण्याचं कूट जास्त घालावं. दहाव्याला कंपनीचं केटरिंग ठेवल्यास मी पिंडाला शिवणार नाही.

पुरवणी, रविवार सकाळ.

काल संध्याकाळी गेटवर राजसी भेटली. कलम सहा तिला वाचायला दिलं. तिने सगळंच काढून घेऊन वाचलं. आधी हसली. मग म्हणाली, "प्रज्वल, तुझ्या नोटिशीत विषय क्रमांक एक, विषय क्रमांक दोन. कोण येईल रे? आणि हे बघ! कुणाला काय दिलंस, कुणाला काय बोललास. हे वाच ना उद्या."

रात्री सोसायटीच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला: "उद्या सकाळी ठीक दहाला बी-विंगचा प्रज्वल भोपी आपलं मृत्युपत्र जाहीर वाचणार आहे. कोणाविषयी काय लिहिलंय ते ऐकायला या. साडेदहाला येणाऱ्याला आपलं नाव ऐकू येणार नाही."

मी फोन केला. "तुझी नोकरी जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली. "माइक माझा स्वतःचा आहे."

आता दहाला पाच कमी आहेत. कायद्याने दोन साक्षीदार पुरतात, पण आलेला प्रत्येक जण कागद ओढून आपलं नाव शोधतोय. सेक्रेटरी हेमचंद्र कर्णिक यांनी नियम सांगितला: वाचायचं असेल तर सभासदाने आधी साक्षीदार म्हणून सही करायची, आणि जो सही करेल तो सभेला हजर धरला जाईल. बाबा पहिल्या रांगेत बसलेत. इस्त्रीचा शर्ट घातलाय. माझ्याकडे बघत नाहीत, पण घसा खाकरतायत.

एकोणीस झालेत. डी-विंगच्या जिन्यातून सुनेत्राकाकू तरातरा येतायत. चेहरा बघता मला आत्ताच मरण येईल असं दिसतं, तेव्हा लिखाण थांबवून सही करतो.

प्रज्वल नाथा भोपी
स्थळ: मैदान, शाल्मली गृहसंकुल, कुळगाव, बदलापूर पूर्व
दिनांक: १८ जानेवारी २०२६

साक्षीदार:
१. नाथा भोपी, बी-३०४.
२. जितेश, बी-१०२. ब्रेक मी करून घेईन. पेट्रोल राहू दे.
३. वरद, ए-७०१. मी ते वाक्य जरा वेगळं बोललो होतो.
४ ते १९. सह्या मागील पानावर, जागा पुरली नाही.
२०. सौ. सुनेत्रा, डी-४०२. सही हरकतीसह. कलम सहा वगळावे. माझ्या मुलीच्या बाबतीत काय ते मी ठरवीन, आणि टाकीच्या बाबतीतसुद्धा मला विचारल्याशिवाय कोणी काही ठरवायचं नाही.

सेक्रेटरींचा शेरा: गणपूर्ती झाली. दहाची सभा दहाला सुरू करीत आहे. नाथाभाऊ बोलायला उभे आहेत.