शंभरातून सात

चार ऑगस्ट, सोमवार. सकाळी, चहा थंड झाल्यावर.

नवी वही. नियम एकच. या वहीत अंक येणार नाही, तारीखसुद्धा अक्षरात. जालन्यात निदान एका माणसाने आकड्यांपुढे मान तुकवली नाही, हे पुढच्या पिढ्यांना कळावं. (वही कुणी वाचणार नाही. तरी कळावं.)

आजचाच प्रसंग. सिलिंडरवाला दारात. ओटीपी सांगा म्हणाला. म्हटलं, बाबा रे, मी भागवत. ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवतो, साप्ताहिकात माझं सदर येतं, हे घर माझं, आतली शेगडी माझी. माणसाची याहून जास्त ओळख काय असते? तो म्हणाला, चार आकडी असते. आणि सिलिंडर परत घेऊन गेला.

सदराला विषय मिळाला. वंदना म्हणाली, आता शब्दांवरच भाकरी भाजा. माझ्या बायकोला विनोद येतो, वेळ साधत नाही.

सहा ऑगस्ट, बुधवार.

अण्णांना डॉक्टरकडे नेलं. म्हणजे वंदनाने नेलं, मी बोलायला गेलो. कारण क्षुल्लक. परवा दूध आणायला गेलेले अण्णा स्टँडवर सापडले, भोकरदनच्या गाडीत, खिडकीपाशी, रिकामी किटली मांडीवर. माणूस आपल्या गावच्या गाडीत बसला, यात आजार कसला?

डॉक्टर पोरगेला. समोर कागद. आज तारीख काय, साल कोणतं, हा मजला कितवा. मला स्वतःला मजला सांगता आला नाही. मग म्हणाला, बाबा, एकपासून मोजा. अण्णा म्हणाले, लाभ, दोन, तीन. त्याने फुली मारली.

मी उठलोच. त्याला सांगितलं, हे माझे वडील, पुंजाराम, भोकरदनच्या धान्याच्या मोंढ्यात उभी हयात मापाडी होते. धान्याचं पहिलं माप टाकताना मापाडी एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, म्हणजे घराला बरकत येते. मापाड्याची फुली मारतोस? त्याने ऐकून घेतलं, फुली खोडली, आणि म्हणाला, आता शंभरातून सात वजा करत जा.

अण्णा म्हणाले, कशाचे शंभर? जवारीचे का बाजरीचे?

याहून बिनतोड प्रश्न मी कॉलेजात ऐकलेला नाही.

शेवटी तीन शब्द लक्षात ठेवायला दिले होते, आंबा, टेबल, नाणं. ते अण्णांना आठवले नाहीत. पण असे शब्द आठवतीलच कुणाला? ना यमक, ना ओलावा.

डॉक्टर म्हणाला, स्मृतिभ्रंश आहे, वाढत जाईल, महिन्याने पुन्हा दाखवा. तीसपैकी किती मिळाले ते कागदावर होतं. मी पाहिलं नाही. रिक्षात वंदनाने सांगितलं. इथे लिहिणार नाही. आकडा लिहिला की खरा होतो.

दहा ऑगस्ट, रविवार.

योजना पक्की. नाव: शब्दोपचार. रोज सकाळी तासभर अण्णांशी त्यांच्याच दुनियेतले शब्द बोलायचे. तिफण, पाभर, जू, वेसण. माणूस म्हणजे त्याचे शब्द. शब्द धरून ठेवले की माणूस कुठे जातो? महिन्याभरात त्या पोराला असा धडा शिकवतो की कागदाची होडी करून सोडील.

आजचा तास. पेरणीच्या पाभरीचं चित्र दाखवलं. अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग मलाच विचारलं, पावकी येते का?

हा जुना डाव आहे. लहानपणी कोंबडं आरवायच्या आत उठवायचे. पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्ध्या, दीडचे पाढे. पाढा झाल्याशिवाय चहा नाही. माझं आणि आकड्यांचं भांडण तिथलं. मी म्हटलं, अण्णा, ही पाभर. ते म्हणाले, येत न्हाई म्हना की.

तेरा ऑगस्ट, बुधवार.

उत्कृष्ट प्रगती. आज जेवताना अण्णा म्हणाले, ते वल्लं द्या. पाण्याला वल्लं! शब्द हरवला तर गुण पकडला. कवीचं काम हेच. मी टाळ्या वाजवल्या, वहीत टिपून घेतलं.

वंदना म्हणाली, अहो, त्यांना तहान लागली. टाळ्या काय वाजवून राह्यले? तांब्या तिकडं सरकवा.

अठरा ऑगस्ट, सोमवार.

शब्दोपचार दोन दिवस बंद. पेपर तपासायचे होते. (तपासले नाहीत. गुणांची बेरीज करायची असते.) रोल नंबरने हाक मारायची नाही असा माझा वर्गातही नियम आहे, पण आज एका मुलीला तिसऱ्यांदा चुकीच्या नावाने हाक मारली. ती म्हणाली, सर, रोल नंबर बरा होता.

बावीस ऑगस्ट, पोळा.

शहरात पोळा म्हणजे मातीचे बैल आणि पुरणपोळी. अण्णांना बैलाचं तोंड दाखवलं, शब्द विचारला. त्यांनी तोंड फिरवलं.

दुपारी स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज. जाऊन पाहतो तर अण्णा ज्वारीच्या पोत्यापुढे मांडी घालून. हातात स्टीलचा ग्लास. माप भरतायत, टोपलीत ओततायत, मोजतायत. एकही माप चुकत नव्हतं. वंदना शेजारी बसून औटकी, साडेतीनचा पाढा, विचारत होती, चार औटे? चौदा. पाच औटे? साडेसतरा. सहा? एकवीस! आणि अण्णा मान अशी डोलवायचे, जशी मोंढ्यात शेवटचं पोतं शिवल्यावर डोलवत असत.

मी म्हटलं, वंदना, याला उत्तेजन देऊ नकोस. ही आठवण नव्हे, सवय आहे. मेल्यावर नखं वाढतात म्हणतात, तसं.

तिने अण्णांच्या हातातला ग्लास माझ्या हातात दिला आणि बाहेर गेली. अण्णा म्हणाले, साहेब, माप खाली ठिवा, नजर लागते.

साहेब म्हणाले. मी कॉलेजातून आलो होतो, शर्ट इन केलेला. त्यामुळे.

एकतीस ऑगस्ट, रविवार.

साहेब हा शब्द आता कायमचा झाला. यावर विचार केला. बापाने मुलाला साहेब म्हणणं यात एक कौतुक आहे. शिकलास, मोठा झालास, असं त्यांना म्हणायचं असावं. चौकडीच्या लेंग्यात बसलो तरी साहेबच म्हणाले.

वंदनाला चांगुणाबाई म्हणतात. म्हणजे माझी आई, जी आता नाही. वंदना ओ देते. मी म्हटलं, चूक दुरुस्त करायला हवी. ती म्हणाली, त्यांची चांगुणाबाई सापडली आहे, हरवून टाकू का पुन्हा?

सात सप्टेंबर, रविवार.

उद्या तपासणी. दिवसभर रंगीत तालीम. तारीख, साल, गाव. एक युक्ती अशी की डॉक्टरने माझ्याकडे बोट दाखवलं की म्हणायचं: भागवत. मी स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणायचो, भागवत. अण्णाही स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणायचे, भागवत. दहा वेळा झालं. आत्मविश्वास आहे.

८ सप्टेंबर.

डॉक्टरने विचारलं, बाबा, तुमच्यासोबत हे कोण आलेत?

अण्णांनी माझ्याकडे नीट पाहिलं. घाईत उत्तर दिलं नाही, हे सांगायला हवं. म्हणाले, बँकेतले साहेब असतील. चांगलेत. रोज सकाळी येऊन बसतेत. कायतरी इचारतेत. म्या बोलत न्हाई म्हनून रागवत न्हाईत.

कागद या वेळी मीच उचलून पाहिला. ६.

डॉक्टर म्हणाला, आकड्यावर जाऊ नका सर. आकडा म्हणजे माणूस नव्हे. माझं वाक्य, माझ्याच सदरातलं शोभेल असं, आणि ते मला ऐकवत होता. मला सांगता येईना की मागच्या महिन्यात ११ होते.

वंदनाने जिन्यात अण्णांचा हात धरला. मी मागून चालत होतो. मजला दुसरा.

११ सप्टेंबर.

सदर पाठवलं नाही. संपादकाचा फोन. सांगितलं, शब्द सुचत नाहीत. तो म्हणाला, चारशे चालतील.

गोळी सकाळी ८ ला, रात्री ९ ला. भिंतीवर लिहून लावलं.

१४ सप्टेंबर.

चार दिवस अण्णा काहीच बोललेले नाहीत. तांब्या लागला तर हात पुढे करतात. शब्दोपचाराचे सगळे शब्द घरात आहेत, घेणारा नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार. सकाळ.

वंदना दळण आणायला गेली होती. अण्णा ओसरीत. मी शेजारी बसलो. पाभर काढली नाही, चित्र काढलं नाही. रस्त्याकडे बघत म्हणालो, एकोणीस एके एकोणीस.

अण्णा हलले.

एकोणीस दुणे अडतीस. एकोणीस त्रिक सत्तावन्न. एकोणीस चोक शहात्तर. एकोणीस पाचा पंच्याण्णव. एकोणीस सक. इथे थांबलो. मुद्दाम नव्हे. येईनाच.

त्यांनी वाट पाहिली. मग म्हणाले, चौदोदरसे. एकशे चौदा, बरोबर. चार दिवसांनी आवाज ऐकला.

म्हणाले, साहेब, तुमाला कुनी पाढे शिकवले न्हाईत का?

म्हटलं, वडिलांनी शिकवले होते. मी शिकलो नाही.

म्हणाले, असं करू नये. माझ्या पोराला सगळे येतेत. बिलकुल चुकत न्हाई. पहाटं उठवलं तरी बराबर म्हनतो.

मी पोराचं नाव विचारलं. विचारायला नको होतं. अण्णांनी डोळे मिटले, ओठ हलवले, पुष्कळ शोधलं. मग ओशाळून म्हणाले, नाव ध्यानात न्हाई आता. पन हुशार आहे. म्हना पुढं.

एकोणीस साते. येईना. म्हणालो, उद्या पाठ करून येतो.

या, म्हणाले. मग माझ्या पायातल्या चपलांकडे बघून काळजीने विचारलं, घर दूर आहे का तुमचं?

म्हटलं, नाही. इथंच आहे.