न सुटणारी शाळा

प्रिय अक्का,

फोन तू उचलत नाहीस, मेसेजला दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे काही येत नाही, म्हणून हे पत्र. मी स्वतः चामराजपेटला आलो असतो, पण दार उघडावं की नाही हा पेच तुला पडावा आणि तोवर मी पायरीवर उभा राहून समोरच्या सुशीलाबाईंकडे बघून हसत राहावं, हे आपल्या दोघांच्याही वयाला शोभत नाही. पत्राचं एक बरं असतं. ते टाकून आत निघून गेलीस तरी बाहेर आल्यावर तिथेच पडलेलं असतं.

गणपतीच्या जेवणाला मी जे बोललो ते विसरल्याचं सोंग आणत नाही. वीस माणसं पानावर, तू पायस वाढत होतीस, आणि हयवदनमामांनी विचारलं, ‘काय रे, पोरांना शाळेतून काढलंस म्हणे?’ तेव्हा घरी शिकवायला लागून मला तीन महिने झाले होते. नव्या जावयाची आणि नव्या मास्तराची जीभ सारखीच सैल. मी घास खाली ठेवून म्हणालो, शाळा म्हणजे साच्यातून माणसं काढायचा कारखाना, वर्गात बसून मी तरी काय शिकलो? छत्तीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई तेव्हा माझ्याच पानासमोर पळी घेऊन उभी होती. तू पळी पातेल्यात ठेवलीस, उरलेली पानं तुझ्या पुणेरी भावजयीला, स्मृतीला, वाढायला सांगितलीस आणि आत गेलीस. त्याला साडेचार महिने झाले. तुझा अबोला रास्तच आहे. पण एवढ्या काळात आमच्याकडे जे घडलं ते तुला कळायला हवं. वाचून तुला हसू येईल, आणि हसण्याजोगा त्यात फक्त मीच आहे.

सुरुवात तुला ठाऊक आहे. अक्षराचं पोट सोमवारी दुखायला लागायचं ते शनिवारी थांबायचं. मग तिच्या शाळेनं पालकसभेत पडद्यावर आलेख लावून दाखवलं की सात वर्षांची ही मुलगी अमुक एका रेषेच्या खाली आहे. शेजारी बसलेला बाप आपली पोर रेषेच्या वर आहे म्हणून माझ्याकडे सांत्वनाच्या नजरेनं बघत होता. परतताना गाडीत स्मृती म्हणाली, ‘अभी, लेट्स जस्ट टेक देम आउट.’ पुण्याची माणसं मोठे निर्णय इंग्रजीत घेतात, म्हणजे पुढे भांडायला मराठी मोकळी राहते. तिचं ऑफिस इंदिरानगरला, माझं पीण्याच्या कारखान्यातलं काम आठवड्याला दोन दिवसांवर आलेलं. तेव्हा मास्तर मी.

आणि अक्का, शाळेला एवढी नावं ठेवून मी घरात काय उभं केलं असेल? शाळाच. हॉलच्या भिंतीवर वेळापत्रक, तेही लॅमिनेट करून. देवघरातली घंटा. उभं राहून प्रार्थना. रोज हजेरी, म्हणजे दोन फुटांवर एकाच सतरंजीवर बसलेल्या दोघांची नावं पुकारायची आणि दोन वेळा ‘प्रेझेंट सर’ ऐकायचं. हो, सर. वर्गात अप्पा म्हणायचं नाही, हा नियम माझाच. त्यात बावीस वर्षं त्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढलेली, समोर येईल त्या वस्तूला वर्नियर लावून मिलिमीटर मोजायची खोड. रणजीतनं काढलेल्या वर्तुळाला मी वर्नियर लावला. साडेपाच वर्षांचा मुलगा, आणि मी त्याला गंभीरपणे सांगतोय की एका बाजूला चार मिलिमीटर जास्त भरतंय. तो म्हणाला, ‘सर, हे वर्तुळ नाहीये. इडली आहे.’ इडलीला किती सूट द्यायची ते मला कुठल्याच तक्त्यात सापडेना, म्हणून पास केली.

असल्या आईबापांचा आमचा एक गटही आहे. रविवारी तळ्याकाठी जमतो. तिथली मुलं मातीत खेळतात आणि आया एकमेकींना सांगतात की ती मातीत खेळत नाहीत, ‘सेन्सरी एक्स्प्लोरेशन’ करतात. त्रिविक्रम नावाचे एक गृहस्थ आहेत. ते मुलाला काहीही शिकवत नाहीत, आणि आपण ते कसं शिकवत नाही यावर दोन तासांचं व्याख्यान देतात. मी वही घेऊन पहिल्या रांगेत बसायचो. हस, हस.

पण खरी चूक वेगळीच होती, आणि ती माझ्या ध्यानातच आली नाही. माझी शाळा सुटत नव्हती. पोळीचे तुकडे करताना अपूर्णांक. आंघोळीच्या बादलीत लिटर आणि मिलिलिटर. रिक्षात बसलं की पुढच्या गाडीच्या नंबराला तीननं भाग जातो का. रणजीतला ताप आला तेव्हा मी त्याला थर्मामीटर दाखवून दशांश समजावला, आणि स्मृतीनं तो माझ्या हातातून काढून घेतला. ती म्हणाली, ‘तुला ऑफ बटण नाहीये का?’ मला ते कौतुकच वाटलं.

डिसेंबरपासून अक्षरानं एक नवा क्रम लावला. साडेतीन वाजले की दप्तर भरायचं, बूट घालायचे, रणजीतचा हात धरायचा आणि जिना उतरून घरमालकीणबाईंकडे, हेमावती अक्कांकडे जायचं. मला वाटलं खेळ आहे. एका मंगळवारी त्यांचा डबा परत द्यायला मी खाली गेलो, तर त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत बाई कोडबळी तळत होत्या आणि त्यांनी अगदी रोजच्यासारखं विचारलं, ‘बंद्या पुट्टी?’ आलीस का गं बाळ. ‘पाय धुतलेस? आज शाळेत काय झालं?’

आणि माझी लेक सांगायला लागली. अक्का, इतकं घडाघडा ती माझ्याशी कधी बोललेली नाही. ‘आमच्या सरांना काही येत नाही. सगळं पुस्तकात बघून सांगतात. आणि थांबतच नाहीत. जेवताना पण शिकवतात.’ बाई म्हणाल्या, मग सांगून टाक की त्यांना, स्वल्प कमी करा म्हणावं. तर ही म्हणते, ‘नको. त्यांना वाईट वाटेल. ते नवीन आहेत.’ बाईंना हसू आवरेना. म्हणाल्या, ‘सरी, बरं, मग अप्पांना सांग.’ यावर रणजीत, तोंडात कोडबळं, ‘अप्पा कुठे असतात? घरी तर सरच असतात.’

मी डबा घेऊन तसाच जिन्यात बसलो. हेमावती अक्कांची मांजर येऊन डबा हुंगून गेली. दोन मजली घरात माझी पोरं शाळा सुटली म्हणून घर शोधत होती, आणि त्यांना ते एक मजला खाली सापडलं होतं.

तिथे बसल्या बसल्या मला आपला रस्ता आठवला. तू नवीन लागलेली चोवीस वर्षांची गणिताची मिस, मी पाचवीत. आईला जाऊन सहा वर्षं झालेली, घरात आई म्हणजे तूच, आणि वर्गात तू मला आडनावानं हाक मारायचीस. पाढा चुकला की बाकावर उभं करायचीस, बाकीच्यांपेक्षा पाच मिनिटं जास्तच. शाळा सुटली की मी तुझ्या दहा पावलं मागून यायचो. फूलवालीचा कोपरा वळला की तू थांबायचीस, खांद्यावरची पिन काढून पदर सैल करायचीस, माझं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावायचीस आणि विचारायचीस, ‘काय रे अभी, आज काय झालं शाळेत?’ जणू तू तिथे नव्हतीसच. मी सांगायचो, त्या गणिताच्या मिसनी मला उभं केलं. तू म्हणायचीस, ‘अगंबाई! का रे?’ सतराचा पाढा चुकला म्हणून. ‘फारच खाष्ट दिसते बाई.’ खूपच. आणि तिला स्वतःला तरी येतो की नाही कुणास ठाऊक. ‘नसेलच येत. थांब, उद्या तिची चांगली जिरवू.’ आणि मग पुढचा सगळा रस्ता आपण दोघं त्या मिसविरुद्ध कट रचायचो. कट म्हणजे काय, तर सतराचा पाढा. घर येईपर्यंत पाठ. दुसऱ्या दिवशी मी तो वर्गात न अडखळता म्हटला, आणि त्या खाष्ट बाईनं नुसतं ‘बस खाली’ म्हटलं, तेव्हा तुझी आणि माझी केवढी जीत झाली होती! संध्याकाळी मी ती बातमी तुलाच धावत येऊन सांगितली. तू जिलबी आणलीस.

म्हणजे तपासनिसाच्या काटेकोरपणानं बघितलं तर मी गणपतीला बोललो ते अक्षरशः खरं होतं. वर्गात मी काही शिकलो नाही. मी फूलवालीच्या कोपऱ्यापासून घरापर्यंत शिकलो. फक्त तो रस्ता कोण चालवत होतं, ते वीस माणसांना सांगायचं राहिलं. तुझ्या पळीसमोर बसून राहिलं.

मग मी तुझी नक्कल करून पाहिली. वेळापत्रक उतरवलं, साडेतीनला घंटा स्वतः वाजवायला लागलो, शर्ट बदलून चार वाजता हेमावती अक्कांकडे गेलो आणि आवाज मऊ करून विचारलं, काय गं अक्षरा, आज काय झालं शाळेत? तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘अप्पा, तूच तर सर आहेस. नाटक नको करू.’ आजकालच्या पोरी! पण रणजीत लगेच सामील झाला. सरांचा वर्नियर तांदळाच्या डब्यात लपवायचा, असा त्यानं बेत मांडला. मी म्हटलं, जरूर. आज आठवडा झाला, सर शोधताहेत आणि अप्पा काही बोलत नाहीत. अक्षरा दोन दिवस तटस्थ होती. तिसऱ्या दिवशी तिनंच जवळ येऊन हळूच सांगितलं की उद्या सर तेराचा पाढा विचारणार आहेत, आणि आपण त्यांना चकित करू या. सोमवारी पोट दुखत नाही आता. रेषेच्या खाली की वर, विचारलेलं नाही.

तर आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. परवा विश्वेश्वर भेटला, आपला मागच्या बाकावरचा. येत्या शनिवारी शाळेत तुझा निरोपसमारंभ आहे, हे मला त्याच्याकडून कळलं. सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना पत्रिका गेल्या, मला नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. कार्यक्रमाची यादी तोच करतोय म्हणून मी त्याच्याकडे माइकवर दोन मिनिटं मागितली. तो म्हणाला, ‘मिसना विचारून ये.’ डोक्यावर एक केस नाही, हाताखाली चाळीस माणसं, आणि अजून तुला घाबरतो. तेव्हा विचारतोय, मिस. वीस माणसांसमोर बोललेलं वाक्य तुझ्या स्वयंपाकघरात येऊन हळूच मागे घेतलं तर ती लबाडी होईल. ते मला दोनशे माणसांसमोर मागे घ्यायचंय, त्या रस्त्यासकट आणि त्या कटासकट. मिसनी नाही म्हटलं तर ती तक्रार घेऊन मी अक्काकडे येईनच, पण त्याआधी विश्वेश्वरला एक ओळ पाठवून बघ. पोरांनी तुझा वर्ग पाहायचा हट्ट धरलाय आणि स्मृतीनं रजा टाकलीय. कार्यक्रम साडेदहाचा असला तरी सिल्क बोर्डाच्या चौकातल्या गर्दीचा भरवसा नाही. आम्ही आठलाच निघतोय.

तुझाच,
अभी