अर्वाने कापलेली नळी

कैरवान, ३ एप्रिल

चिरंजीव दोर्साफ हिला आजोबांचा सलाम आणि पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. तुझ्या आईचा खोकला गेला. हिरवे बदाम बाजारात आलेत. सूसला समुद्राचा वारा वाईट, वसतिगृहाची खिडकी लावून झोपत जा. अक्षर वाकडे आहे. तिसरी शिकलेल्या तांबटाचे आहे, सांभाळून वाच.

फोन करता आला असता. पण फोन तुझ्या आईच्या हातात असतो, आणि फोनवर मी एकदा बोललो तेवढे पुरे.

तुमच्या स्पर्धेचा अँटेना कुठवर आला? उगीच विचारतो. सुरुवातीलाच अडला आहे हे मला ठाऊक आहे.

सुट्टीत तू लाकडी पट्टीवर बसवलेली ती तांब्याची नळी आणलीस, कागदात गुंडाळलेली, तूही अजून न उघडलेली. तू म्हणालीस, "आजोबा, आमच्या गटातल्या अर्वाने माप घेऊन कापलीय. तुम्ही फक्त चकाकी आणा. दुसरं काही करू नका हं."

मी म्हणालो, "साठ वर्षं तांब्यात गेली माझी, आणि तू मला शिकवतेस?"

तू हसलीस आणि मावशीकडे गेलीस.

मी कागद उघडला. नळी मधोमध कापलेली, दोन तुकड्यांत नखाएवढी फट. पोरी, आमच्या आळीत उघडा सांधा ठेवून भांडे दुकानाबाहेर पडले तर तांबटाला चार माणसांत मान वर करता येत नाही. मला वाटले, शाळकरी पोरीच्या हातून कापताना चूक झाली. पट्टीवरून नळी काढली, फटीत तांब्याचा तुकडा बसवला, चांदीचा डाख देऊन सांधा जोडला, कानस मारली, वाळू आणि लिंबाने घासली. सांधा कुठे आहे ते मलाच बोटाने सापडेना. नळी परत पट्टीवर बसवली आणि तसाच कागद गुंडाळून तुझ्या हाती दिली. मनात म्हटले, पोरीला नंतर कळेल आजोबा काय चीज आहे.

शेजारच्या हमदाला ही गोष्ट मोठ्या ऐटीत सांगितली. तो चहा ओतायचा थांबला. "पोरीनं बुजवायला सांगितलं होतं का रे?"

"सांगायला कशाला हवं?"

"उद्या कुणी बासरी आणली तर तिचीही भोकं बुजवशील तू," तो म्हणाला.

सगळी आळी हसली. मीही हसलो, पण त्या दिवसापासून घास गोड लागेना.

मग परवा तुझा फोन आला. फट मुद्दाम ठेवायची असते, तिच्या दोन कडांना तारा जोडतात, हे तू आईला सांगत होतीस ते मी ऐकले. शाळेतल्या बाईंसमोर कागद सोडला तर नळी अखंड. अर्वा रडून सांगते, मी कापली होती. बाई म्हणतात, कापल्याची खूण दाखव. खूण नाही, म्हणून ती खोटारडी ठरली आणि गटातून गेली. तू मला विचारलेस, "आजोबा, तुम्ही उघडली तेव्हा अखंडच होती ना?"

मी म्हणालो, "अखंडच होती."

का म्हणालो? तुझी आई समोर बसली होती. शिकलेल्या बाईंपुढे तुझा आजोबा अडाणी ठरेल, आळीतले हमदाचे हसणे सूसपर्यंत पोचेल, असे काहीबाही मनात आले. तू म्हणालीस, "बघा, मला वाटलंच होतं. अर्वा खोटंच बोलते." आणि मी फोन तुझ्या आईच्या हाती परत दिला. खरे बोलणाऱ्या पोरीवरचा तुझा विश्वास मी तोडला. याचा डाख माझ्याकडे नाही.

गुरुवारी बाई गटाची नावे पाठवणार ना? त्याआधी एवढे कर. अर्वाला समोर उभी कर आणि बाईंना नळी मधोमध कापायला सांग. आत डोकावलात तर पांढऱ्या डाखाचे कडे दिसेल. बाहेरची खूण मी पुसली, पण आत माझी कानस पोचत नाही. मग हे पत्र सर्वांसमोर मोठ्याने वाच. अडाणीपणाच्या ओळी गाळू नकोस.

गाडीवाल्याबरोबर मक्रूदचा, आपल्या खजुराच्या वड्यांचा, डबा पाठवतो आहे. पहिला मक्रूद अर्वाच्या हाती दे. तिने घेतला नाही तर आग्रह करू नकोस.

अर्वाचा अपराधी, आणि तू अजून म्हणशील तर तुझा आजोबा,
ताहर तांबट