सुताराला रंग लावायचा नाही

बाई,

परवा आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तुमचं नाटक झालं. तुमचंच म्हणते, कारण ज्या जुन्या इंग्रजी सिनेमावरून तुम्ही ते बसवलं होतंत, तो मी पुढे सिंगापूरला आल्यावर शोधून पाहिला, आणि अर्धं तर तुम्ही पदरचं घातलं होतंत! बी.एड. करताना पुण्यात पाहिलेला तो सिनेमा तुम्ही आम्हाला शनिवारी शेवटच्या तासाला सांगायचात. अमेरिकेतलं लहानसं गाव, गोऱ्यांची वस्ती वेगळी, काळ्यांची वेगळी. चर्चमध्ये नवी बाकं हवीत म्हणून एका काळ्या सुताराला बोलावतात. बाकं सुरेख होतात, पण रविवारी त्याला त्यांवर बसू देत नाहीत, मागे उभं राहा म्हणतात. तेवढ्यावरून गाव पेटतं. सिनेमातला सुतार शांत, सोशिक वगैरे आहे. तुमचा मात्र चांगला फटकळ होता, अगदी तुमच्यासारखा. मला तुमचाच जास्त आवडतो.

तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. मी आठवीत आहे. स्नेहसंमेलनाची तालीम चालली आहे आणि सुताराच्या तोंडाला तव्याची काजळी फासायची असं मुलींनी आपापसांत ठरवून टाकलंय. सुतार मी, कारण माझं पाठांतर चांगलं असं तुमचं मत. एवढ्यात मागून कोणीतरी म्हणतं, "हिला काजळी कशाला? ही आहे तशीच चालेल." सगळा वर्ग खो खो हसतो आणि मी रडायला लागते. दुसरं कोणी असतं तर जवळ घेतलं असतं. तुम्ही खेकसलात, "रडायचं असेल तर व्हरांड्यात जा, इथे तालीम चाललीय." मग वर्गाकडे वळून म्हणालात, "बरोबर बोलली ती. सुताराला रंग लावायचा नाही. रंग तुम्हाला लावायचाय. या वर्गात गोरं कोण आहे? उभं राहा बघू." वर्गातली सगळ्यात उजळ मुलगी अर्धवट उठली आणि इकडेतिकडे बघून परत खाली बसली. संमेलनाच्या दिवशी तुम्ही घरून डबाभर तांदळाची पिठी आणलीत, सगळ्यांना ओळीत उभं केलंत आणि कानांपर्यंत थापलीत. ती पांढरीफटक पोरं एकमेकांकडे बघून शिंकत होती आणि मी एकटी धुतल्या तोंडाने उभी होते. "सोंग त्यांनी काढलंय, तू नाही," तुम्ही म्हणालात. "तू आपली सरळ जा आणि बाकावर बस." मी गेले आणि बसले. बाई, इतकं ताठ मी त्याआधी कधी बसले नव्हते. दुसऱ्या दिवशी एका मुलाची आई 'माझ्या पोराचं भूत केलं' म्हणून शाळेत भांडायला आली, तेव्हा तुम्ही तिला सांगितलंत, "भूत नाही हो, साहेब केला."

आता इथलं सांगते. आम्ही सिंगापूरच्या सेंगकांग भागात राहतो. मुलगी इथेच जन्मली, चौदाव्यात आहे, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत येतं. रंग माझा घेतलाय. नाटकाचं वेड कोणाचं घेतलंय ते तुम्हीच ओळखा. दर गणपतीत तिला स्टेजवरून ओढून खाली आणावं लागायचं. यंदा तिच्या शाळेतला एक मुलगा तिला म्हणाला की दिवे घालवले तर तू दिसणारच नाहीस. तिने ते जेवताना हसत हसत सांगितलं, पण ते हसू काही टिकलं नाही. त्यात मंडळाने मुलांचं नाटक माझ्याकडे दिलं, मी तुमचं काढलं, आणि पहिल्याच बैठकीत आमच्या एक काकू प्रेमाने म्हणाल्या, "सुतार तुझ्या लेकीलाच कर गं, मेकअपचा खर्च वाचेल." लेक दारातच उभी होती.

घरी जाताना एलआरटीच्या गाडीत ती म्हणाली, "मम्मी, यू फाइंड समवन एल्स. एव्हरीवन विल से सो सूटेबल, लाह." थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघत म्हणाली की आता नाटकच नको, कधीच नको. मी घाबरले. मुलं असं काहीबाही बोलतात, पण ही बोलते ते करते. मी तिला तुमची पिठीची गोष्ट सांगितली.

"देन हू वेअर्स द मेकअप?" तिने विचारलं.

"बाकीचे सगळे."

"ईव्हन काकूज सन? ही इज सो फेअर."

"त्याला तर दोन हात जास्त. त्यालाही कोणी गोऱ्यांत घेणार नाही म्हणावं."

ती इतकी हसली की समोरचे अंकल फोनमधून मान वर करून बघायला लागले. मग म्हणाली, "ओके. बट द एंडिंग, आय डू माय वे." मी हो म्हटलं. तुम्ही असतात तर मुळीच म्हणाला नसतात.

कार्यक्रमाच्या दिवशी पिठीचा डबा काकूंच्याच हातात दिला. "ओळखूच येईना गं माझा सोन्या," असं म्हणत त्यांनी पोराला आणखी एक थर चढवला. नाटक छान चाललं. आता शेवट बघा. इथे हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलं की आधी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं आणि मग ताट आणायला जायचं. त्याला चोप करणं म्हणतात. पाकीट दिसलं की ती जागा दुसऱ्याची, कितीही मोठा साहेब आला तरी तिथे बसत नाही. तर आमचा सुतार मागून चालत आला, खिशातून टिश्यूचं पाकीट काढलं, पहिल्या बाकाच्या मधोमध ठेवलं आणि शांतपणे आपली हत्यारं आणायला विंगेत निघून गेला. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. ठरल्याप्रमाणे गोरे गावकरी बसायला आले, पाकीट पाहिलं, आणि बाई, एक पोर बसेना! सगळी पांढरी तोंडं खुळ्यासारखी बाकाभोवती उभी. हॉलमध्ये जो हशा उसळला तो काही केल्या थांबेना. मग ती परत आली, पाकीट उचलून खिशात टाकलं आणि बसली. सावकाश, पाठ टेकून. त्यानंतर ज्या टाळ्या पडल्या त्या तुमच्यापर्यंत पोचल्या असतील असं मला उगीचच वाटतं. चाळिशी उलटलेली मी विंगेत अक्षरशः उड्या मारत होते. जिंकलो बाई आपण, तिघीही.

हे मी वन-नॉर्थला ऑफिसला जाताना फोनवर लिहितेय आणि ते फोनमध्येच राहील. तुम्ही हयात असतात तरी पुढचं एवढं पाठवायला मी धजले नसते. नाटकानंतर मुलांनी तोंडं धुतली, फोटो सुरू झाले. लेकीने मला ओढून आपल्या शेजारी उभं केलं, निरखून पाहिलं आणि माझ्या गालावर बोट फिरवून म्हणाली, "मम्मी, शो ओव्हर ऑलरेडी. यू नेव्हर वॉश युअर फेस?" मी तिच्या बोटाकडे पाहिलं. माझं रोजचंच फाउंडेशन होतं ते, माझ्या रंगाहून एक छटा उजळ. इतक्या वर्षांत दुसरं मी कधी मागितलंच नाही.

मी नाटकात कामच करत नव्हते, बाई.