गुरुवारच्या पाण्याचा शोधनिबंध

सोनई, ता. नेवासा

तीर्थस्वरूप रंगनाथदादा यांस,

प्रतिवादी म्हणून नव्हे, थोरला चुलतभाऊ म्हणून तुला धाकट्या अजिनाथचा नमस्कार.

तुझी प्रकृती ठीक असेल असं लिहायची पद्धत आहे, पण मला ती रोज दिसतेच. काल उसाला खत टाकताना तू मध्येच कंबर धरून उभा राहिलास, तेव्हा मी ओट्यावर होतो. (शेक घे. जया म्हणते एरंडाची पानं बांध.) केशरकाकूंचा खोकला आमच्या अंगणात ऐकू येतो, तो परवापासून कमी झालाय, बरं वाटलं. दोन घरांत एक बांध आणि एक विहीर एवढंच अंतर असताना मी पत्र पोस्टाने पाठवतोय, याचं तुला आणि पोस्टमनला नवल वाटेल. पण दावा लागल्यापासून आपण फक्त कोर्टात बोलतो, आणि तेही न्यायाधीश साहेबांकडे तोंड करून. आता जे सांगायचं आहे ते तसं सांगण्यासारखं नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून गोरक्ष वकिलाकडे पळू नकोस.

सुरुवात त्या गोरक्षापासूनच झाली. तुझा वकील माझ्यापेक्षा वयाने कितीतरी लहान, पण त्याचा एक लेख कायद्याच्या कुठल्याशा नियतकालिकात छापून आला, आणि तेव्हापासून तो बाररूममध्ये चहा मागवतानाही 'माझ्या शोधनिबंधात म्हटल्याप्रमाणे' असं म्हणायला लागला. आपल्या दाव्यात त्याने तो अंक टेबलावर ठेवला. साहेबांनी तो आपणहून उचलला आणि चाळला. इतक्या वर्षांच्या वकिलीत माझा एकही कागद साहेबांनी असा आपणहून उचललेला नाही, दादा. मी तिथेच ठरवलं, आपणही छापून यायचं. विषय शोधायला लांब जायची गरजच नव्हती. (तुला सगळं माहीत आहे, पण कागदावर आलेलं बरं, ही माझी सवय.) वाटणीत विहिरीचं पाणी चार दिवस तुम्हाला आलं आणि तीन दिवस आम्हाला. तुमच्या चारातला गुरुवार मात्र वडील होते तेव्हापासून आम्हीच वापरत आलो. तू तो बंद केलास आणि मी दावा लावला. माझं म्हणणं असं की वीस वर्षांहून जास्त काळ पाणी घेतलं म्हणजे तो हक्कच झाला. हे म्हणणं लेख म्हणून छापून आणायचं, आणि मग युक्तिवादात अंक पुढे करून 'एक विद्वान असं म्हणतात' असं म्हणायचं, असा बेत होता. ते विद्वान मीच असणार, हे साहेबांनी विचारलं तरच सांगायचं.

नगरच्या एका विधी महाविद्यालयातून 'विधिचिंतनिका' नावाचं षण्मासिक निघतं. लेख कोर्टाबाहेरच्या आपल्या नेहमीच्या टायपिस्टकडून टाईप करून घेतला. त्याचा हात सवयीचा. वर 'मे. दिवाणी न्यायाधीश साहेब यांचे कोर्टात' आणि खाली 'सबब विनंती की' हे आपोआप आलं. मीही सवयीनेच सही करून शेवटी कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला. आठवड्याभरात लेख परत. मी तसाच एसटी पकडून नगरला गेलो. संपादक डॉ. मारिया शेख म्हणून आहेत. वयाने आपल्या पोरींएवढ्या, बोलायला मऊ, पण जागच्या हलत नाहीत.

"सर, हा लेख नाही, हा दावा आहे," त्या म्हणाल्या.

"दोन्हींत फरक काय, मॅडम?"

"दाव्यात निष्कर्ष आधी ठरतो आणि पुरावा मागून गोळा करतात. लेखात उलटं असतं."

मला वाटलं, पोरगी नवी आहे, शिकेल. पण त्यांनी मला समोर बसवून सगळी रीत समजावली. आधी संपादक मंडळ लेख वाचतं. त्यातून तगला तर वरचं नाव काढून तो दोन परीक्षकांकडे जातो. लेखक कोण हे त्यांना कळत नाही आणि परीक्षक कोण हे लेखकाला कळत नाही. मी म्हणालो, "मॅडम, कोर्टात आरोपीलासुद्धा दारात उभं राहून नावाने पुकारतात." त्या म्हणाल्या, "म्हणूनच इथे पुकारत नाही." (पुढच्या खेपेला मी आपल्या मळ्यातल्या सीताफळांची एक पाटी घेऊन गेलो. त्यांनी ती आनंदाने घेतली, तिथल्या तिथे पोरांना वाटली, आणि परीक्षकांची नावं सांगितली नाहीत ती नाहीतच.)

मग नावं काढण्याचं काम सुरू झालं. लेखात 'माझे वडील' होते तिथे 'अ चे पूर्वहक्कदार' आले. 'आमचा आडमुठा चुलतभाऊ' होता तिथे नुसता 'ब' आला. आडमुठा हा शब्द ठेवण्यासाठी मी पुष्कळ झगडलो. मॅडम म्हणाल्या, प्रत्येक विधानाला आधार लागतो, तळटीप द्या. मी तळटीपेत 'सर्वश्रुत' असं लिहिलं. तेही काढलं. त्यानंतर लेख एका मशीनमध्ये घातला. दुसऱ्याचा मजकूर उचलला असेल तर ते मशीन ओळखतं. निम्म्याहून जास्त लेख जुन्या निकालपत्रांत जसाच्या तसा सापडला. मी म्हणालो, सापडणारच! ज्या वकिलाचं म्हणणं आधी कुणीच म्हटलेलं नाही त्याला कोर्टात कोण उभं करील? मॅडम म्हणाल्या, "इथे तेच तर छापतो, सर. आधी कुणी न म्हटलेलं." दादा, मी जिद्दीला पेटलो. कोर्टाच्या सुट्टीत नगरच्या ग्रंथालयात ठाण मांडून बसलो. तळटीप म्हणजे काय हे माहीत नसलेला मी, शेवटी जयाने विचारलं की भाजीत मीठ किती घालू तर मनातल्या मनात आधार शोधायला लागलो. लेख नव्याने लिहिला, पहिल्यापासून, स्वतःच्या शब्दांत. आणि तो कोरडा होऊ नये म्हणून त्यात एक जिवंत परिच्छेद घातला. तिथेच घात झाला.

परिच्छेद असा होता की दर गुरुवारी सकाळी 'अ' चे पूर्वहक्कदार बांधावर उभे राहून "अण्णा, मोटर चालू करू का?" अशी हाक मारत, आणि 'ब' चे पूर्वहक्कदार गोठ्यातून "इचारतोस काय, कर की!" असं ओरडत. म्हणजे आमचे वडील आणि तुझे वडील. पुढे दोन-तीन पानं सोडून मी असंही लिहिलं होतं की वडील गेल्यावर 'अ' ने मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला, त्यामुळे बांधावर न जाता पाणी घेणं सुलभ झालं.

परीक्षकांचे शेरे यायला पावसाळा संपून कांद्याची लागवड उरकली. पहिला परीक्षक भला माणूस. लिहिलं होतं, लेख चांगला आहे, लांबी कमी करा. दुसरा (तो की ती, हे देवाला आणि मारिया मॅडमना ठाऊक) काही वेगळ्याच मातीचा. त्याने लिहिलं की लेखकाने गोळा केलेला पुरावा उत्तम आहे, फक्त निष्कर्ष त्याच्या बरोबर उलट आहे. हक्काने घेतलेलं पाणी विचारून घेत नाहीत. जे दर आठवड्याला विचारून घेतलं ती परवानगी, आणि परवानगीचा कितीही वर्षांनी हक्क होत नाही. खाली आणखी एक ओळ होती: "'अ' ने विचारणं थांबवलं आणि वाद सुरू झाला, या दोन गोष्टी लेखकाने वेगवेगळ्या पानांवर का ठेवल्या आहेत, हे कळले नाही."

कोर्टात गोरक्षाला इतकी वर्षं जे सापडलं नव्हतं ते या बिननावाच्या माणसाने घरबसल्या काढलं होतं, आणि तेही मीच लिहून दिलेल्या कागदातून! मग मी वकिली केली. तो परिच्छेदच गाळला आणि सुधारित लेख पाठवून दिला. दुसऱ्या परीक्षकाचं उत्तर आलं: "या लेखात एकच गोष्ट नवीन होती. ती कुठे गेली?"

म्हणजे बघ, परिच्छेद ठेवला तर दावा जातो आणि काढला तर लेख जातो. मी विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसलो. जया जेवायला बोलवायला आली. तिला सगळं सांगितलं.

"मामंजी हाक मारायचे का न्हाई?" तिने विचारलं.

"मारायचे."

"मी ह्या घरात आले तवापास्नं ऐकलीय. मंग लिवा की तसं."

"अगं, ते लिहिलं तर गुरुवार जातो!"

"आन् न्हाई लिवलं तर?"

"लेख जातो."

"मंग तुमाला काय पायजे ते ठरवा. भाकर गार व्हतीय."

मी भाकर खाता खाता ठरवलं. दावा हरलो तर अपील करता येतं. नाकारलेल्या लेखाला अपील नाही, हे मी मॅडमना पूर्वीच विचारून ठेवलं होतं. तेव्हा लेख वाचवायचा. परिच्छेद परत घातला, दोन पानं शेजारी आणली, आणि 'अ' चा हक्क सिद्ध होत नाही, असं स्वतःच्या हाताने लिहिलं. दुसऱ्या परीक्षकाला आणखी एक हवं होतं: परवानगी कधी नाकारली गेली का, ते लेखकाने स्पष्ट करावं. मी बराच वेळ आठवत बसलो. ज्या वर्षी विहिरीचा तळ दिसत होता, टँकर येत होते, त्या वर्षीही वडिलांनी हाक मारली होती. मारताना त्यांचा आवाज खाली गेला होता. गोठ्यातून यायचं ते उत्तर जरा उशिरा आलं, पण "कर की" असंच आलं. त्या उन्हाळ्यात तुमचा गाईसाठीचा सगळा घास वाळला आणि तुम्ही गाय विकलीत. आमचा मका उभा राहिला. हे मी जन्मभर पाहिलेलं होतं, दादा, पण त्याचा अर्थ मला लेखात 'एकदाही नाकारली गेली नाही' हे चार शब्द लिहिताना लागला. तळटीप काय द्यावी सुचेना. शेवटी लिहिलं: 'लेखकाची प्रत्यक्ष आठवण.' दुसऱ्या परीक्षकाने ती तेवढी विनातक्रार मान्य केली.

लेख स्वीकारला गेला. त्यानंतर दावा चालवण्यात मला काही राम वाटेना, म्हणून मागच्या तारखेला मी तो बिनशर्त काढून घेत असल्याची लेखी पुरसीस दिली. तू त्या दिवशी नव्हतास. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. गोरक्षाचा तर विश्वासच बसेना. "यात वादीचा काहीतरी डाव आहे," म्हणून त्याने विचार करायला मुदत मागितली. आपण जिंकलो की नाही हे समजून घ्यायला मुदत मागणारा वकील मी पहिल्यांदाच पाहिला. त्याला सांग, डाव नाही. गुरुवार तुझा आहे. मोबाईलचा स्टार्टर मी काढून ठेवला आहे. आमच्या वांग्यांना यंदा तीन दिवसांत भागवावं लागेल, ते भागवू. तू मनात काही ठेवू नकोस. काकूंना माझा नमस्कार सांग, आणि एकदा बांध ओलांडून चहाला ये. जयाने तुझ्या आवडीचे शेंगोळे करायचं ठरवलं आहे.

तुझ्या परवानगीने पाणी प्यायलेला,
अजिनाथ

ता. क. मी दावा केवळ भाऊबंदकीच्या प्रेमाने काढला असा कुणी समज करून घेतला तर तो दूर करू नकोस. पण तुला म्हणून सांगतो: 'विधिचिंतनिके'चा नियम आहे की लेखकाचा लेखाच्या विषयात कुठलाही वाद कोर्टात चालू नसावा. माझा दावा गेला, पण मी गुरुवारचं पाणी घेतल्याने तुझा कांदा वाळला, त्याच्या भरपाईचा तुझा प्रतिदावा अजून उभाच आहे, आणि तो उभा असेपर्यंत मॅडम लेख छापायला पाठवत नाहीत. तेवढा सोमवारच्या तारखेला काढून टाक. सोबत संमतीपत्रही जोडलं आहे. 'ब' म्हणून तुझा उल्लेख करायला हरकत नाही, असं त्यात आहे. सही कर.

आणखी एक ता. क. दुसऱ्या परीक्षकाचं म्हणणं होतं की खरा हक्कदार 'ब' ठरतो, तर त्यालाच 'अ' म्हणावं. मी वाट्टेल ते मान्य केलं, हे केलं नाही. 'अ' मीच आहे.

शेवटचं. मारिया मॅडमनी माझ्याकडे दुसरा लेख मागितला आहे. मी विषयही कळवून टाकला: सामाईक बांधावरची झाडं आणि शेजाऱ्याच्या रानात जाणाऱ्या फांद्या. आपल्या बांधावरच्या चिंचेची मोठी फांदी तुझ्या बाजूला झुकली आहे, चिंचा तुझी माणसं वेचतात, आणि इतक्या वर्षांत त्यावरून आपण एकदाही भांडलेलो नाही, ही अभ्यासाच्या दृष्टीने मोठी अडचण आहे. तुझी हरकत नसेल तर दिवाळीनंतर एक नोटीस पाठवतो. उत्तर जरा कडक दे, गोरक्षाकडूनच लिहून घे. फक्त लेख स्वीकारायच्या आत वाद मिटवायचा आहे, एवढं लक्षात ठेव.