जॅझमधली माझी टाळी

३ मार्च
बायकोच्या अल्बमचं रेकॉर्डिंग सुरू झालं. जुनं जॅझ आणि आजचं पॉप, दोन्ही एकत्र. एका गाण्यात चार जणांच्या टाळ्या हव्यात, एक माणूस कमी पडतोय. मी लगेच हो म्हणालो. हल्ली आमचं बोलणं गॅस संपला, बिल भरलं, एवढ्यावर आलंय. दोघं एका गाण्यात आलो की आपोआप सुधारेल. देवानं वेळ बरोबर साधली.

५ मार्च
सराव केला नाही. टाळीला कसला सराव? गावच्या शाळेत प्रार्थनेला अख्खा वर्ग माझ्या टाळीवर चालायचा.

६ मार्च, दुपार
स्टुडिओ. खोली चांगली आहे, खिडकी नाही. बायको मला ‘अहो’ म्हणते, ड्रमरला तेच माझं नाव वाटलं. तोही ‘अहो, जरा सरक’ म्हणत होता. आपुलकी वाटली.

टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हवी म्हणे. माझी पहिल्या आणि तिसऱ्यावर पडते. रेकॉर्डिस्टला समजावलं की समेवरची टाळी जगात बरोबर धरतात. तो म्हणाला, जगात असेल, या गाण्यात नाही. मग बायको काचेपलीकडून माईकवर म्हणाली, "अहो, आधी ऐका. मग वाजवा."
बऱ्याच दिवसांनी ती माझ्याशी इतकं सविस्तर बोलली.

१० मार्च
पहाटे सराव ठरवला होता. पूजेनंतर केला. जमला. स्टुडिओत हात पुन्हा पहिल्या मात्रेवर. हाताला वळण आहे, त्याला काय करणार.
शेवटी तिघांच्या टाळ्या एकत्र घेतल्या, माझी वेगळ्या ट्रॅकवर. म्हणजे मुख्य टाळी माझीच. ड्रमर म्हणाला, तुझी टाळी गाण्यात मावत नाही. दिलदार माणूस.

२ एप्रिल
घरात बोलणं अजून तेवढंच. अल्बम येईपर्यंत थांबायचं.

२१ एप्रिल, संध्याकाळ
अल्बम आला. ते गाणं पुन्हा पुन्हा लावलं. माझी टाळी कुठेच नाही. राग आला नाही. काहीच आलं नाही. देवापुढे बसलो, तिथेही काही सुचलं नाही.
बायको शेजारी येऊन बसली. कसं वाटलं, विचारलं. म्हणालो, तिघांच्या टाळ्या बऱ्या आहेत.
"मी गाण्याचं विचारतेय."
छान, म्हणालो. कशाबद्दल आहे, तिनं विचारलं. मला एकही ओळ आठवेना.
ती उठून कपड्यांच्या घड्या घालू लागली.

उद्या नक्की ऐकायचं.